तुम्ही विचारलंत म्हणून: प्रचाराचा इंटरनेट-खर्च कुठून मोजायला घ्यायचा?

“एकूण प्रचारखर्चातले किती टक्के इंटरनेटवर घालायचे?” हा प्रश्न दर निवडणुकीआधी येतो आणि विचारणाऱ्याला एक आकडा हवा असतो. आकडा निघतो, पण शेवटी. सुरुवात मतांपासून करावी लागते.

समजा, 2 लाख मतदार आहेत, मतदान 60 टक्के होईल आणि लढत दोघांतच आहे. मतं पडणार 1 लाख 20 हजार. जिंकायला 60 हजारांवर एक. कार्यकर्त्यांच्या यादीप्रमाणे 45 हजार पक्की असतील, तर मिळवायची राहिली 15 हजार. ती कुंपणावरच्या 40 हजारांतून येणार. त्यांतले निम्मे मोबाइलवर गाठता येतील असं धरा. 20 हजार माणसं आणि प्रत्येकाला जाहिरात 10 वेळा, म्हणजे ती 2 लाख वेळा दिसायला हवी.

हे झालं कागदावर. प्रत्यक्षात कुंपणावरचे तेवढे निवडता येत नाहीत. गूगलने 2020 पासून निवडणूक-जाहिरातींचं लक्ष्य वय, लिंग आणि पिनकोडपर्यंतचा भाग एवढ्यावर आणलं. त्याखेरीज फक्त मजकुराच्या विषयानुसार जाहिरातीची जागा निवडता येते. मतदारसंघाची हद्द आणि पिनकोड क्वचितच जुळतात. म्हणून आकडा तिप्पट करा: 6 लाख. जाहिरात हजार वेळा दाखवायचा भाव गुणिले 600, हा एका संदेशाचा खर्च. भाव मात्र दुसऱ्याच्या निवडणुकीतून उचलू नका. छोटी जाहिरात चार दिवस चालवून स्वतःचा काढा आणि शेवटच्या आठवड्यासाठी तो दीडपट धरा. जागा लिलावाने विकली जाते आणि तेव्हा सगळेच बोली लावत असतात.

आता वाटणी. इंटरनेटसाठी 100 रुपये असतील तर जाहिरातींना 40 च्या वर जाऊ नये, असं आमचं मत. 35 माणसांवर: लिहिणारा, व्हिडिओ कापणारा आणि आलेल्या प्रश्नांना उत्तरं देणारे. या शेवटच्यांचा खर्च जवळजवळ प्रत्येक अंदाजपत्रकात राहून जातो, आणि मग रस्त्यांबद्दलच्या साध्या प्रश्नाखाली तीन दिवस विरोधकांचीच उत्तरं दिसत राहतात. 10 वेबसाइट, संपर्क-यादी आणि सुरक्षेसाठी, 15 राखीव. राखीव पैसा शेवटच्या दहा दिवसांआधी मोडायचा नाही.

बारा आठवडे हातात असतील तर जाहिरातींच्या 40 पैकी 10 पहिल्या सहा आठवड्यांत संपर्क-यादी वाढवण्यावर, 14 पुढच्या चार आठवड्यांत आणि 16 शेवटच्या दोन आठवड्यांत. नवखे नेमकं उलटं करतात. घोषणेच्या दिवशी पोस्ट ‘बूस्ट’ करून पैसे उडवतात आणि लोक ठरवायला बसतात तेव्हा खिसा रिकामा.

पैसे असूनही जाहिरात अडकते, ती बहुधा परवानगीपायी. मेटा (फेसबुकची कंपनी) आणि गूगल राजकीय जाहिरातदाराची ओळख आधी पडताळतात आणि पैसे कोणी दिले ते जाहिरातीवर दाखवायला लावतात. कागदपत्रावरचं नाव खात्यावरच्या नावाशी जुळलं नाही की अर्ज परत. सहा आठवडे आधी अर्ज करा, तोही दोन वेगवेगळ्या माणसांच्या नावाने. टिकटॉक पैसे घेऊन राजकीय जाहिरात दाखवतच नाही. ट्विटरने (आताचं एक्स) त्या 2019 मध्ये बंद केल्या, 2023 मध्ये पुन्हा सुरू केल्या. त्यामुळे सगळी अंडी एकाच टोपलीत नकोत.

संपर्क-यादी म्हणजे संमतीने मिळालेले फोन आणि ईमेल. मेहनत इथे घाला, कारण ही यादी तुमच्या मालकीची असते. 2007 च्या अखेरीस ओबामांच्या प्रचारात नोंदणीच्या पानाचे पर्याय तपासले गेले. ‘साइन अप’ऐवजी ‘लर्न मोअर’ असं बटण आणि आधीच्या फोटोऐवजी कुटुंबाचा फोटो, एवढ्यावर नोंदणी 8.26 टक्क्यांवरून 11.6 टक्क्यांवर गेली. पर्यायांत व्हिडिओही होते, आणि प्रचारातल्या लोकांना त्यांतला एक व्हिडिओच आवडला होता! ईमेलचं एक तांत्रिक पथ्य आहे: दिवसाला 5,000 हून जास्त जीमेल पत्त्यांवर पाठवणार असाल तर 2024 पासून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीएमार्क (ईमेल खरोखर तुमच्याच डोमेनवरून आल्याची खूण पटवणाऱ्या नोंदी) तिन्ही लागतात, आणि स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांखाली ठेवाव्या लागतात. विकतची यादी वापरली की ही मर्यादा लगेच ओलांडली जाते. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 जण मावतात, पण संदेश पोचतो तो तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच. म्हणून ‘आधी नंबर सेव्ह करा’ हे सांगणं कार्यकर्त्याचं पहिलं काम.

काम एजन्सीला देणार असाल तर जाहिरात-खर्चावर टक्केवारी देऊ नका, ठरावीक मोबदला द्या. टक्केवारीवाल्याला काटकसर परवडत नाही. पेज, जाहिरात-खातं आणि डोमेन प्रचाराच्या नावावर हवं. एजन्सीला फक्त वापरायची मुभा. अहवालातले ‘व्ह्यूज’ बघून हरखू नका. फेसबुकवर 3 सेकंद व्हिडिओ चालला तरी व्ह्यू मोजला गेलेला आहे. विचारायचं ते हे: या आठवड्यात यादीत किती नावं वाढली, आणि एक नाव केवढ्याला पडलं?

मतदानाच्या दिवसासाठी अॅप करणार असाल, तर 2012 मधली अमेरिकेतले राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार रॉम्नी यांच्या प्रचाराची, कोणी मतदान केलं ते टिपणारी ‘ओर्का’ यंत्रणा आठवा. तिचा पूर्ण भार प्रथमच मतदानाच्या दिवशी पडला. वेबसाइटच्या पत्त्यात ‘एचटीटीपीएस’ टाइप न करणारे स्वयंसेवक कोऱ्या पानावर अडकले, अनेकांचे पासवर्ड चालले नाहीत. तुमचं अॅप तीन आठवडे आधी शंभर जणांकडून एकाच वेळी उघडवून बघा, आणि प्रत्येक केंद्रावर मतदारयादीची छापील प्रत व पेन्सिल ठेवा. तो खर्चही याच 100 मधून धरा.