न्यूयॉर्क लांब की मुंबई?

पुतणीचं मुंबई-न्यूयॉर्क तिकीट व्हॉट्सअॅपवर आलं आणि घरात गणितं सुरू झाली. रात्री दोनला सुटणार आणि त्याच दिवशी सकाळी साडेआठला पोचणार, तर आई म्हणते साडेसहाच तास? एवढ्यात आपली एसटी दापोलीहून मुंबईला धड पोचत नाही! (माणगावच्या ट्रॅफिकची कृपा.) आता तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात हे गळी उतरवायला चहाची दुसरी फेरी लागली. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा, कारण ते लोक घड्याळच पुढेमागे करतात. म्हणजे साडेसहा अधिक साडेनऊ, सोळा तास, आणि तेही मध्ये न थांबता.

अंतर साधारण १२,५०० किमी. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर वाटतं विमान अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि मग अटलांटिक असं जाणार. शेजारचे काका बरीच वर्षं बोटीवर होते, ते म्हणाले नकाशा ठेव बाजूला, पोराचा पृथ्वीगोल आण. मुंबईवर दोऱ्याचं टोक अंगठ्याने दाबलं, दुसरं न्यूयॉर्कवर धरून ताणलं तर दोरा घसरत घसरत वर गेला, रशिया, नॉर्वे, चक्क आइसलँड, मग ग्रीनलँडच्या खालून कॅनडा! बोटीवाले आणि विमानवाले ह्याला ग्रेट सर्कल म्हणतात, गोलावरचा सगळ्यात जवळचा रस्ता हाच.

अर्थात विमान अगदी दोऱ्यावरून जात नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं तेव्हा आपल्या कंपन्यांना वळसा घालावा लागला, वेळ वाढला, इंधनही वाढलं. आणि वारा! दहा-बारा किमी उंचीवर जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, थंडीत तर जास्तच जोरात, त्यामुळे अमेरिकेहून येताना तो पाठीशी असतो आणि तेच अंतर तास-दीड तास कमी वेळात कापलं जातं.

ढोबळ हिशोब हवा असेल तर किमीला ९०० ने भागा, चढण्या-उतरण्याचा एक तास धरा, पश्चिमेला लांब जायचं असेल तर वर अजून एक.

दुबईवरून गेलात तरी अंतर फार वाढत नाही, मुंबई-दुबई १,९०० आणि पुढे ११,००० च्या आसपास, म्हणजे चारेकशे किमीच जास्त. तरी अॅपवर बावीस-चोवीस तास दिसतात, कारण वरचे तास दुबईच्या विमानतळावर खुर्चीवर बसून काढायचे. तेव्हा किमी बघत बसू नका, लेओव्हर, म्हणजे दोन विमानांमधला थांबा बघा. दीड तासाचा स्वस्तात मिळाला तरी मी घेणार नाही, पहिलं विमान लेट झालं की दुसरं गेलंच समजा. तीन-चार तासांचा बरा, पाय मोकळे होतात.