आमची वाटचाल : एन्ट्री फी सोडून बाकीचा खर्च

अंबड एमआयडीसीत 1988 साली भाड्याच्या शेडमध्ये सुरुवात केली, तेव्हा जीपच्या हुडाचे सांगाडे, कॅरिअर, ट्रॉलीचे हूक अशी किरकोळ कामं होती. नाशकात महिंद्राचा कारखाना, त्यामुळे फॅब्रिकेशनवाले गल्लोगल्ली. मोटारींच्या रॅलीचा आणि आमचा संबंध नव्हता. एका द्राक्ष बागायतदाराने मारुती जिप्सी आणून उभी केली. "भाऊ, हिला आतून पिंजरा मारून द्या," म्हणाला. त्याला पिंजरा म्हणजे रोल केज, गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा पाइपांचा सांगाडा हवा होता, हे समजायला आम्हाला चहाचे दोन राऊंड लागले.

लांब पल्ल्याची मोटार शर्यत मुंबईकरांनी पाहिली ती 1968 मध्ये. लंडन-सिडनी मॅरेथॉनच्या गाड्या मुंबईत आल्या आणि 'चुसान' बोटीत चढून ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला गेल्या. हिलमन हंटर घेऊन अँड्र्यू कोवन जिंकला. पहिलं बक्षीस 10,000 पौंड, म्हणजे तेव्हाच्या भावाने 1 लाख 80 हजार रुपये. तिथे कंपन्यांच्या टीम होत्या. आमच्याकडे येणारे मात्र बागायतदार, डॉक्टर, ट्रान्सपोर्टवाले. सगळे स्वतःच्या खिशातून खेळणारे. परदेशी गाडीवर किमतीपेक्षा जास्त आयात शुल्क लागायचं, म्हणून सगळी भिस्त जिप्सीवर. इंजिन 970 सीसी, ताकद 45 अश्वशक्तीच्या आसपास, पुढे-मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. पण मोडली तर कुठल्याही गावात उघडता यायची.

गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, "रॅलीची एन्ट्री फी किती?" आमच्या मते तो प्रश्नच गौण. फीचा आकडा छापलेला असतो, बाकीचे कुठेच छापलेले नसतात.

पिंजऱ्याचंच घ्या. रॅलीच्या नियमाप्रमाणे पाइप सीमलेस म्हणजे बिनजोडाचा, कोल्ड ड्रॉन म्हणजे थंडच ओढून काढलेला लागतो. मुख्य कमानीला 45 मिमी व्यास आणि अडीच मिमी जाडी, किंवा 50 आणि दोन. बाजारात ईआरडब्ल्यू, म्हणजे लांबीभर जोड वेल्ड केलेला पाइप, बराच स्वस्त मिळतो आणि रंग मारल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून आम्ही पाइप मुंबईतल्या सी. पी. टँकच्या बाजारातून टेस्ट सर्टिफिकेटसकट आणायचो. वाकवायचा तोही थंड, आणि वळणाची त्रिज्या व्यासाच्या तिप्पट तरी हवी. वाळू भरून, गॅसने लाल करून वाकवायची गावठी पद्धत इथे चालत नाही. बेंडिंगचं मशीन घेतलं ते कर्ज काढून. ते फिटायला रॅलीची कामं पुरली नाहीत, हॉस्पिटलच्या खाटांच्या ऑर्डरींनी फेडलं.

पिंजऱ्यानंतर येतात पट्टे आणि अग्निशामक. एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेचा शिक्का असलेला सीट बेल्ट पाच वर्षांनी बाद होतो, गाडी त्या काळात शेडमध्ये झाकून ठेवलेली असली तरी. अग्निशामकाची दर दोन वर्षांनी तपासणी. वर्षातून एखादीच रॅली खेळणाऱ्याला हे फार जड जातं, आणि त्यावर आमच्याकडे उपाय नाही.

विम्याचं तर बोलूच नका. आपल्या नेहमीच्या वाहन पॉलिसीत संघटित शर्यत, पेस मेकिंग, रिलायबिलिटी ट्रायल, स्पीड टेस्टिंग यांसाठीचा वापर सरळ वगळलेला असतो. स्टेजमध्ये, म्हणजे रॅलीच्या वेळ लावलेल्या टप्प्यात, गाडी उलटली की पत्र्यापासून चासीपर्यंत सगळं मालकाच्या अंगावर. आम्ही ते कलम गिऱ्हाइकाला त्याच्याच पॉलिसीतून वाचून दाखवतो. दोघे-तिघे त्यावरूनच परत गेले. गेले ते बरं झालं, असं आमचे वडील म्हणायचे.

1999 मध्ये हिमालयातली रेड दे हिमालय रॅली सुरू झाली आणि खर्चाची जातच बदलली. गाडी ट्रकवर घालून शिमल्यापर्यंत न्यायची, सोबत सर्व्हिसची दुसरी गाडी, दोन मेकॅनिक, त्यांचे गरम कपडे, राहणं-खाणं. वाटेतल्या कुंझुम खिंडीची उंची साडेचार हजार मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे कार्बोरेटरची गाडी पेट्रोल जास्त ओढते, प्लग काळे पडतात, चढावर दम सोडते. आमचा मिस्त्री काड्यापेटीत जेट, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकाच्या तोट्या, घेऊन जायचा, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी. वर जाताना बारीक जेट, खाली मैदानात उतरताना पुन्हा मोठा, नाहीतर इंजिन तापायचं. जेट काही रुपयांचा. बोटं सुन्न झालेली असताना तो बदलणारा माणूस महाग. पुढे फ्युएल इंजेक्शन आलं, ही कटकट संपली आणि सेन्सरची सुरू झाली.

त्यात ही रॅली ऑक्टोबरात व्हायची, म्हणजे ऐन द्राक्षछाटणीच्या तोंडावर. बागायतदार मालक बाग सोडून कसा जाणार? गडी, औषधं, फवारणी दुसऱ्याच्या भरवशावर टाकून जे गेले, त्यांनी परत आल्यावर खरा हिशोब काढला, आणि आमची उधारी त्या हिशोबात सगळ्यात खाली असायची. द्राक्षाचे पैसे आले की बिल मिळायचं. पाऊस-गारपीट झाली की आम्हीही मागायला जायचो नाही.

आता शेड स्वतःची आहे, टिग वेल्डिंग मुलगा बघतो. पोट भरतं ते लडाखला फिरायला जाणाऱ्यांच्या गाड्यांवर : संप गार्ड म्हणजे इंजिनाखालचा संरक्षक पत्रा, रूफ रॅक, पाटे-शॉकॉप्सरची कामं. रॅलीची गाडी वर्षाला एखाद-दुसरी येते. तिच्यासाठी एस्टिमेट दोन कागदांवर देतो, एक शर्यतीला जायचा आणि दुसरा गाडी मोडून परत आली तर काय लागेल त्याचा. दुसऱ्यावर सही झाल्याशिवाय पाइप कापत नाही, आणि पाइपाचे पैसे आगाऊ.