घड्याळ २१३ दिवस पुढे गेलं तेव्हा

सिम्युलेशन सुरू करून मिनिटही झालं नव्हतं आणि टर्मिनलवर शेवटची ओळ उमटली: टिक १८४४६७४४०७३७०९५५१६१५ ला काम थांबलं, कारण 'सिम्युलेट लिमिट रीच्ड'. जेम५ या प्रोसेसर-सिम्युलेटरमध्ये टिक हे काळाचं सर्वांत लहान एकक, सहसा एक पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. त्या हिशेबाने सिम्युलेशनमधला काळ जवळपास २१३ दिवस पुढे सरकला होता. एवढा काळ मिनिटभरात उरकणं कुठल्याच सिम्युलेटरला शक्य नाही. नीट पाहिलं तर हा आकडा म्हणजे २ चा ६४वा घात वजा १, अर्थात ६४ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या.

प्रोग्राम सी भाषेतला, साधा. थ्रेड म्हणजे प्रोग्राममधला स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा. मेन थ्रेड चार वर्कर थ्रेड तयार करतो, प्रत्येक वर्कर अ‍ॅरेचा पाव हिस्सा हाताळतो, चौघे बॅरियरपाशी एकमेकांसाठी थांबतात आणि मग पुढच्या टप्प्याला लागतात. वर्कर चार, म्हणून मी कोरही चारच दिले होते. प्रत्यक्ष मशीनवर हाच प्रोग्राम बिनचूक चालत होता.

फरक पडला तो सिस्टिम-कॉल एम्युलेशन मोडमुळे. या मोडमध्ये खाली लिनक्स नसतं, त्यामुळे कुठला थ्रेड कधी चालवायचा ते ठरवणारा शेड्युलरही नसतो. सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रामने ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेल्या विनंत्या, सिम्युलेटर स्वतःच हाताळतो. थ्रेड एकदा हार्डवेअर कॉन्टेक्स्टवर (कोरमधल्या एका थ्रेडपुरत्या जागेवर) बसला की संपेपर्यंत तिथेच राहतो. एकाच कोरवर दोन थ्रेड आळीपाळीने चालवणारं कुणी नाही. पहिला कोर मेन थ्रेडने घेतला, उरलेल्या तिन्हींवर तीन वर्कर बसले. चौथ्यासाठी 'क्लोन' हा नवा थ्रेड मागणारा कॉल गेला तेव्हा जागाच नव्हती. सिसकॉल-ऑल हा डीबग फ्लॅग लावून पुन्हा चालवलं, तर लॉगमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं की सिस्टिममध्ये मोकळा थ्रेड कॉन्टेक्स्ट नाही. थ्रेड तयार करणाऱ्या 'पीथ्रेड क्रिएट' फंक्शनने ११ ही त्रुटी (संसाधन सध्या उपलब्ध नाही) परत केली होती. प्रोग्राममध्ये ती तपासलीच नव्हती.

मग तीन वर्कर न आलेल्या चौथ्याची वाट पाहत बॅरियरपाशी फ्यूटेक्सवर, म्हणजे कुणी उठवेपर्यंत थ्रेडला झोपवणाऱ्या सिस्टिम कॉलमध्ये, झोपले. मेन थ्रेड पहिला वर्कर संपण्याची वाट पाहत 'जॉइन'मध्ये झोपला. चारही कोर निष्क्रिय झाले आणि सिम्युलेटरच्या पुढच्या घटनांच्या यादीत, म्हणजे इव्हेंट क्यूमध्ये, करण्यासारखं काहीच उरलं नाही. राहिला तो फक्त सर्वांत शेवटच्या टिकवर नोंदवलेला मर्यादेचा इव्हेंट, आणि घड्याळाने थेट तिथे उडी घेतली. असा आकडा दिसला की सगळे थ्रेड एकमेकांची वाट पाहत अडकलेत, हा संशय सर्वांत आधी घ्यावा.

उपाय सोपा: पाच कोर, आणि 'पीथ्रेड क्रिएट'चं प्रत्येक उत्तर तपासणं. ओपनएमपी (थ्रेड आपोआप तयार करून काम वाटणारी पद्धत) वापरत असाल तर हिशेब बदलतो. तिथे मेन थ्रेड स्वतः काम करतो, म्हणून चार थ्रेडना चार कोर पुरतात. जीलिबसी ही लिनक्सवरची सी लायब्ररी २.३४ पेक्षा जुनी असेल तर स्टॅटिक लिंकिंगमध्ये, म्हणजे लायब्ररी प्रोग्रामच्या फाइलमध्येच जोडताना, आणखी एक खाच आहे. पीथ्रेडची काही सिंबॉल (फंक्शनची नावं) 'वीक', म्हणजे सापडली नाहीत तरी चालतील अशी, असल्यामुळे लिंकर ती वगळतो आणि प्रोग्राम शून्य पत्त्यावर उडी मारून कोसळतो. तेव्हा लिंकरला 'होल-आर्काइव्ह' पर्याय देऊन पूर्ण पीथ्रेड लायब्ररी आत घ्यावी लागते.

पाच कोरांवर प्रोग्राम नीट संपला, पण आकडे लगेच वापरण्याजोगे नव्हते. पाचवा कोर जवळजवळ पूर्ण वेळ 'जॉइन'मध्ये झोपलेला, त्यामुळे सगळ्या कोरांची सरसकट सरासरी काढली की निकाल बिघडतो. शिवाय थ्रेड तयार होण्याचा खर्च मोजमापात मिसळला होता. म्हणून सगळे वर्कर पहिल्या बॅरियरपलीकडे गेल्यावर एकाच थ्रेडमधून आकडेवारी रीसेट केली आणि शेवटच्या बॅरियरनंतर डंप घेतला.

मग तुलनेसाठी फ्यूटेक्सच्या जागी स्पिन करणारा, म्हणजे न झोपता सतत तपासत राहणारा, बॅरियर घातला. दर सायकलमागच्या इन्स्ट्रक्शन (आयपीसी) वाढल्या, एकूण वेळ मात्र कमी झाला नाही. प्रत्येक इन्स्ट्रक्शन नोंदवणाऱ्या एक्झेक फ्लॅगचा ट्रेस उघडून एका कोरच्या ओळी वाचल्या: लोड, तुलना, ब्रँच, पुन्हा लोड, तुलना, ब्रँच. तो कोर मागे राहिलेल्या वर्करची वाट पाहत होता आणि त्या निरुपयोगी फेऱ्याही इन्स्ट्रक्शन म्हणून मोजल्या जात होत्या. मल्टिथ्रेडेड कामात मी आता आयपीसीवरून निष्कर्ष काढत नाही. ठरावीक काम पुरं व्हायला लागलेला सिम्युलेटेड वेळ हेच माप धरतो.

तेही एका रनवरून नाही. तेच कॉन्फिगरेशन दिलं की जेम५ सहसा तंतोतंत तेच उत्तर देतो आणि त्या सारखेपणामुळे आकडा पक्का वाटू लागतो. पण मेमरीच्या विलंबात किंचित बदल झाला तरी लॉक आधी कुणाला मिळतो ते बदलतं, आणि पुढचा सगळा क्रमही. अलामेलदीन आणि वुड या संशोधकांनी २००३ मध्ये हे दाखवून दिलं होतं. म्हणून आता मेमरी विलंबात लहानसा यादृच्छिक फरक घालून प्रत्येक रचना अनेकदा चालवतो आणि सरासरीबरोबर पसाराही नोंदवतो.