इसहाक वेदीवरच राहिला

रविवार, रात्र. पाऊस सुरूच आहे.

आज चर्चमध्ये बायबलमधला पहिला धडा वाचायचं काम माझ्याकडे होतं. उत्पत्ती २२, ओवी १ ते १४. दहाव्या ओवीला उजवं पान संपतं. पोटच्या पोराचा, इसहाकाचा, बळी द्यायला अब्राहामानं हात पुढे केला, सुरा घेतला, आणि तिथं पान उलटायचं. उलटलं. तर वाचलं काय, की दोन अध्याय पुढचा तो सेवक धन्याचे दहा उंट घेऊन निघाला!

दोन पानं एकदम आली होती. दमट हवेनं चिकटलेली. उंट आले तेव्हाच कळलं, पण आवाज पुढे निघून गेला होता. गावाबाहेरची विहीर आली, तिन्हीसांज आली, पाण्याला निघालेल्या बायका आल्या. तिथंच थांबले. "इथं पहिला धडा संपला" म्हटलं आणि खाली येऊन बसले. ना अब्राहामाला थांबवणारा दूत, ना पोराऐवजी बळी जाणारा एडका. सुरा वरच्या वर.

आणि कुणाला काही कळलंच नाही.

भर मंडळीत एका माणसाची तरी भुवई हलायला हवी होती. मागच्या बाकांवरची सोडा, रविवारी अकरा वाजता अर्ध्या नाशिकचं मन मिसळीत असतं. पण पुढच्या बाकांचं काय? बाहेर आल्यावर सेक्रेटरी छत्री उघडता उघडता म्हणाले, "सलाम ताई, आज फार छान वाचलंत." चुकले त्याहून हे जास्त लागलं. रिक्षात बसल्यावर कॅनडा कॉर्नर येईपर्यंत तेच डोक्यात. शनिवारी रात्री मोठ्यानं तालीम करायची, नावांचे उच्चार घोकायचे. १९ वर्षं हे कुणासाठी केलं मी?

पप्पा असते तर तिसऱ्या बाकावरून खाकरले असते.

त्या मोठ्या बायबलमध्ये अजून त्यांच्या पेन्सिलीच्या बारीक रेघा आहेत, श्वास कुठं घ्यायचा त्याच्या. सुरा घेतला, त्यापुढेही एक आहे. म्हणजे इथं थांब, लोकांना घाबरू दे. मी थांबले होते की! घाबरलं कोण?

पप्पा नेहमी त्या जेकब वेनराइटचं सांगायचे. गुलामीतून सोडवलेला आफ्रिकन पोरगा, आपल्या शरणपूरला शिकला. १८७३ साली आफ्रिकेत फिरणारे मिशनरी डॉ. लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा त्यांचं काळीज तिकडंच झाडाखाली पुरलं, आणि दफनविधीचं वाचन केलं ते ह्या जेकबनं. "नाशकात वाचायला शिकलेला माणूस, काय समजलीस?" असं म्हणून पप्पा माझ्याकडे बघायचे. लहानपणी छाती फुगायची. आज वाटलं, त्या झाडाखाली तरी किती जण ऐकत असतील? दमलेले, पायपीट केलेले लोक. तरी त्यानं वाचलं.

पाळकसाहेबांना सांगावं का? उपदेश त्यांनी नव्या करारावरच केला, माझ्या धड्यावर नाही. म्हणजे त्यांनाही... जाऊ दे.

संध्याकाळी कुकर लावला आणि ओट्यापाशी उभी राहून अकरा ते चौदा मोठ्यानं वाचून टाकलं. दुपारभर त्या पोराला लाकडांवर बांधून ठेवलं होतं मी, बरं नव्हतं वाटत. झुडपात शिंगं अडकलेल्या एडक्यापाशी शिट्टी झाली. मला एकटीलाच हसू आलं.

खरा दोष पप्पांचाच. शास्त्राचं पान थुंकी लावून उलटायचं नाही, हा त्यांचा दंडक. बँकेत तीस वर्षं ओल्या स्पंजवर बोट टेकवून नोटा मोजल्या, एक जास्त गेली नाही कधी. आणि वचनपीठावर मात्र कोरडं बोट.

पुढच्या रविवारी दुसरा धडा आहे. नोटा मोजायची ती रबरी टोपी कपाटाच्या खणात कुठेतरी असेल. एवढ्यात दोनदा खण उपसला. पप्पांचा चष्मा सापडला, टोपी नाही.