२/१२ म्हणजे बारा वर्षं नव्हे

ह्यांची अँजिओप्लास्टी झाली, बिल आलं दोन लाख चौऱ्याऐंशी हजार. आरोग्य विम्याची पॉलिसी तीन वर्षांची, एकही हप्ता चुकलेला नाही. तरी कंपनीचं नकारपत्र आलं: रुग्णाला बारा वर्षांपासून रक्तदाब, प्रस्ताव अर्जात, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या फॉर्ममध्ये, तो लपवला. अहो, ह्यांना बीपी निघालं तेच मुळी ॲडमिट व्हायच्या दोन महिने आधी!

ही बारा वर्षं आली कुठून, हे कळायला मला सात आठवडे लागले आणि ते सगळे हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागाच्या खिडकीशी गेले. त्याचा राग अजून जात नाही. खिडकी उघडी दुपारी तीन ते चार. "मॅडम, टीपीएला गेलेत सगळे पेपर, तुम्हाला परत कशाला?" (टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था.) "डिस्चार्ज कार्ड दिलंय ना?" "साहेब सुट्टीवर आहेत, सोमवारी या." सोमवारी गेले तर फाइल स्टोअरला. कंपनीला जे कागद बिनबोभाट मिळाले, ते पेशंटच्या बायकोला मिळेनात. सहाव्या खेपेनंतर ओळखीच्या वकीलताई म्हणाल्या, तोंडी मागूच नकोस. लेखी अर्ज दे, पोच घे. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ७२ तासांत कागद द्यावे लागतात. अर्जावर शिक्का पडला आणि तिसऱ्या दिवशी सगळे इनडोअर पेपर, म्हणजे ॲडमिट असतानाच्या नोंदी, हातात आले.

अकराव्या पानावर निवासी डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात लिहिलं होतं, 'एचटीएन २/१२'. एचटीएन म्हणजे हायपरटेन्शन, उच्च रक्तदाब. डॉक्टरांच्या लिहिण्यात रेघेखाली सात असले तर दिवस, बारा असले तर महिने. म्हणजे दोन महिने! कंपनीने त्यातले बारा उचलले आणि पुढे वर्षं जोडली. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं तसं प्रमाणपत्र पाठवलं, तरी उत्तर तेच. वाचताना चूक होऊ शकते, मान्य. पण प्रमाणपत्र हातात पडल्यावरही अडून बसणं ही बदनियतच. क्लेम तपासायला त्यांच्याकडे डॉक्टरच असतात ना?

जिल्हा ग्राहक आयोगातली तक्रार त्यामानाने सोपी गेली. भरलेला हप्ता पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. क्लेमची रक्कम त्यात धरत नाहीत. लेखी जबाबात कंपनीने नवीनच कारण काढलं, म्हणे कळवायला उशीर झाला. नकारपत्रात नसलेलं कारण मागाहून पुढे करता येत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा सौराष्ट्र केमिकल्सचा निकाल वकीलताईंनी लगेच जोडला. दीड वर्षाने आमच्या बाजूने निकाल लागला: पूर्ण रक्कम व्याजासकट, शिवाय मानसिक त्रासाचे वेगळे. निकालपत्रात 'सेवेत त्रुटी' हे शब्द आणि खाली '२/१२' चा उल्लेख वाचला, तेव्हा मी तिथेच बाकावर बसून रडले.

आणि हो, नकारपत्र ज्या पाकिटातून येतं ते फेकू नका. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि पत्र कधी मिळालं यावरून वाद निघाला, तर पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का उपयोगी पडतो. आमचं पाकीट मी वहीला टाचून ठेवलं होतं.