तिकीट फुकट, पण पायरी केवढी!

एसटीने ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत केला. ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट आहेच. माझी आई ७९ वर्षांची. साताऱ्याला मावशीकडे ती आता कुणाकडे पैसे न मागता हक्काने जाते, याचं मोल मोठं आहे. अडतं ते घरापासून स्टँडपर्यंत.

गुडघे दुखणाऱ्या माणसाला भाड्याआधी पायरी दिसते. लो-फ्लोअर बसच्या आतल्या तळाची उंची रस्त्यापासून साधारण ४०० मिलिमीटर असते. पण बस थांब्याला चिकटून उभी राहिली, तरच तिचा उपयोग. ती रस्त्याच्या मध्येच थांबली की आधी फुटपाथवरून खाली उतरायचं आणि पुन्हा वर चढायचं. फुटपाथ १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावा, असं रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मी टेप लावली, तर २६० भरले. आई तिथे विजेच्या खांबाला धरून उतरते.

सगळ्यात जास्त सलतं ते स्वच्छतागृहांचं. आईला रक्तदाबासाठी लघवी होण्याची गोळी आहे. बाहेर जायचं असलं की ती गोळीच टाळते, सकाळपासून पाणीही पीत नाही. तिच्या भजनी मंडळातल्या बहुतेक जणी हेच करतात, फक्त कुणी बोलत नाही. बाजारात बायकांसाठी एक स्वच्छतागृह आहे. त्याला कुलूप, आणि किल्ली कुणाकडे ते भाजीवाल्यांनाही ठाऊक नाही. गोळी चुकवली म्हणून डॉक्टर आईला रागावतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

मनावर घेतलं तर जमतं. पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याचंच बघा. २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ हा बोटाच्या ठशावर मिळणारा डिजिटल दाखला आला, पण कामाने आणि वयाने झिजलेले अंगठे यंत्राला ओळखूच येईनात. २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय झाली. गेल्या नोव्हेंबरात आईचा दाखला घरीच, माझ्या मोबाइलवर निघाला. म्हाताऱ्या बोटांचा कुणीतरी विचार केला होता.

यंदा अंदाजपत्रकासाठी प्रभागातून सूचना मागवल्या, तेव्हा आम्ही लिहून दिलं : विरंगुळा केंद्राला नवा रंग नको. थांब्यावर पाठ टेकता येईल, हाताचा आधार घेऊन उठता येईल असं बाकडं द्या. आणि बाजारातलं ते कुलूप काढून तिथे दिवसभर एक बाई नेमा, तिला पूर्ण पगार द्या. खाली भजनी मंडळातल्या सगळ्या जणींच्या सह्या आहेत.