ओझरच्या विमानतळाचा जमाखर्च

मागच्या महिन्यात पिंपळगाव बसवंतला भाच्याकडे गेलो होतो. नाशिकजवळच्या ओझर विमानतळाच्या विस्ताराचा विषय निघाला, तेव्हा द्राक्षबागेच्या बांधावर त्याने विचारले, "मामा, ओझरचा विमानतळ वाढला म्हणजे आपल्या द्राक्षाला भाव वाढेल ना?" त्याचा माल आज युरोपात कसा जातो, असे मी त्याला विचारले. "कंटेनरने, न्हावाशेव्याहून," असे म्हणून तो स्वतःच हसला. प्रीकूलिंग, म्हणजे तोडणीनंतर माल लगेच थंड करणे, नीट झाले की द्राक्ष समुद्रप्रवास सोसते आणि विमानाचे भाडे जहाजाच्या कितीतरी पट पडते. काही वर्षांपूर्वी ओझरहून शारजाला जिवंत शेळ्यामेंढ्या विमानाने गेल्या, कारण तेथे वाचलेला वेळ भाड्यापेक्षा मोलाचा होता. द्राक्ष आणि लासलगावचा कांदा यांना तो हिशेब लागू होत नाही.

माझी नोकरी लेखापरीक्षणात गेली, त्यामुळे विमानतळाच्या लाभाचे आकडे कोणी सांगू लागले की मी प्रथम एकच विचारतो: विस्तार झाला नसता तर यातले किती घडलेच असते? सातपूर-अंबडच्या कारखान्यात येणारा अभियंता समृद्धी महामार्गाने मुंबईहूनही येतो, शिर्डीचा विमानतळ २०१७ पासून सुरू आहे आणि आता नवी मुंबईचाही झाला आहे. शिर्डीऐवजी ओझरला उतरलेला प्रवासी नाशिकच्या टॅक्सीवाल्याला नक्की लाभ देतो. मात्र नाशिक आणि अहिल्यानगर हे दोन जिल्हे एकत्र धरले तर त्या लाभातील बराचसा भाग केवळ जागा बदललेला असतो. शिवाय विमान दोन्ही दिशांनी उडते. गोव्याच्या विमानात बसलेला नाशिककर आपला पैसा गोव्यात खर्चतो, हे वृद्धीचे तक्ते मांडणारे सहसा विसरतात.

इमारत म्हणजे परिणाम नव्हे, याचा पुरावा ओझरनेच दिला आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्स या केंद्र सरकारच्या कंपनीच्या धावपट्टीलगत राज्य शासनाने बांधलेल्या टर्मिनलचे उद्घाटन २०१४ मध्ये झाले. केंद्राच्या 'उडान' या प्रादेशिक विमानसेवा योजनेखालची सेवा सुरू व्हायला डिसेंबर २०१७ उजाडले, आणि पहिल्या छोट्या विमानांची ती सेवाही टिकली नाही. उद्योगाला वेळापत्रकाचा भरवसा हवा असतो. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येत नसेल, तर टर्मिनल दुप्पट करूनही कंपनीचा अधिकारी गाडीनेच मुंबईला जाईल.

आता तिजोरीचा प्रश्न, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि ज्यावर सर्वांत कमी बोलले जाते. तिकिटावरील जीएसटी केंद्र आणि राज्याकडे जातो. विमानाचे इंधन जीएसटीबाहेर असल्याने त्यावरील व्हॅट राज्याला मिळतो. परंतु 'उडान'च्या मार्गांसाठी राज्याने तो १ टक्क्यावर आणण्याचे मान्य केले आहे, आणि त्या मार्गांवरील तूट भरून काढण्याच्या अनुदानातील २० टक्के वाटाही राज्यच उचलते. म्हणजे ज्या उड्डाणांची आपण सर्वाधिक वाट पाहतो, ती निदान सुरुवातीच्या काळात राज्याच्या तिजोरीला भार असतात. जकात आणि तिच्या जागी आलेला एलबीटी हा स्थानिक कर गेल्यानंतर नाशिक महापालिकेला वाढत्या उलाढालीचा थेट हिस्सा मिळण्याचा मार्गही उरलेला नाही. तिला मिळेल ती नव्या हॉटेलांची, गोदामांची घरपट्टी, आणि तीही ती महापालिका हद्दीत उभी राहिली तरच. टर्मिनल मात्र दिंडोरी तालुक्यातील जानोरीच्या बाजूला आहे. रस्ता, पाणी आणि कचरा यांचा ताण तेथील ग्रामपंचायतीवर येतो. संविधानाचा अनुच्छेद २८५ केंद्राच्या मालमत्तेला राज्याच्या करांतून सूट देतो. हिंदुस्थान एरोनॉटिक्ससारखी सरकारी कंपनी मात्र कायद्याने वेगळी व्यक्ती असल्याचे न्यायालयांनी सांगितले आहे, म्हणजे ती सूट तिला आपोआप मिळत नाही. म्हणून जानोरी ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या मागणी नोंदवहीत विमानतळापोटी किती कर आकारला जातो आणि किती वसूल होतो, हे विस्ताराच्या कोणत्याही अहवालाच्या पहिल्या पानावर असायला हवे.

सिंहस्थाचे निमित्त पुढे केले जाते, ते मला अर्धेच पटते. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आहे आणि २०२७ च्या स्नानांना गर्दी होईल, यात शंका नाही. पण त्र्यंबकेश्वर आणि रामकुंडाकडे येणारा बहुसंख्य भाविक रेल्वेने आणि एसटीने येतो. बारा वर्षांनी येणाऱ्या गर्दीच्या मापाने क्षमता बांधली, तर देखभालीचा खर्च मधली सर्व वर्षे चालू राहतो.

मी निघताना भाच्याने दुसरा प्रश्न विचारला: "मग जमिनीचा भाव?" त्यावर मला नाही म्हणता आले नाही. भाव अपेक्षेवरच चढतो, विमान येवो वा न येवो. खरेदीखतावर जिल्हा परिषदेच्या वाट्याचा १ टक्का अधिभार वसूल होतो, पण तो एकदाच मिळतो, आणि विकलेली बाग परत लागत नाही. त्याच्या शेजारच्या गटाचे इसार झाले आहेत, असे तो म्हणाला.